वस्तूचा माग: एका जुन्या नोंदवहीच्या दुरुस्तीच्या नोंदी

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

आज काम हातात घेतलं. सोमवारी संग्रहालय प्रेक्षकांना बंद असतं, त्यामुळे वस्तू हलवायला हाच दिवस बरा. तीन खोल्या, एक ओसरी आणि मागे पत्र्याची शेड. नोंदवहीप्रमाणे वस्तू ६४२. प्रत्यक्षात किती, ते शेवटी कळेल.

समितीने सांगितलेलं काम असं: वस्तू काढायची, मोजायची, फोटो घ्यायचे, नोंदवहीशी ताडून पाहायची आणि संगणकावर चढवायची. मुदत डिसेंबरअखेरपर्यंत. मी तक्त्यात एक रकाना स्वतःहून वाढवला आहे: वस्तू इथपर्यंत आली कशी? कुठे सापडली, कोणाकडे होती, कोणी दिली, पैसे देऊन घेतली का, कोणता कागद आहे. प्रशिक्षणात याला 'प्रोव्हेनन्स' म्हणायचो. मी रकान्याला 'माग' असं नाव दिलं. चोराचा माग काढतात, हरवलेल्या गुराचा काढतात, तसाच हा वस्तूचा.

मागाचे तीन पोटरकाने केले. कागद काय म्हणतो. वस्तू स्वतः काय म्हणते. ऐकीव काय. तिन्हींची सरमिसळ करायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवला. काका १९७९ पासून इथे आहेत, निवृत्तीनंतरही रोज येतात, कुलपांच्या किल्ल्या अजून त्यांच्याच कमरेला. त्यांना विचारलं, जुन्या वस्तूंबद्दल आठवतं ते सांगाल का? म्हणाले, "ताई, आठवतं सगळं. पण आजवर कुणी विचारलं नाही."

९ ऑगस्ट, शुक्रवार

क्रमांक २१२. नोंदवहीत 'हस्तिदंती फणी, एक बाजू तुटलेली'. समोर पितळी दौत. क्रमांक २१३ ला नोंद अडकित्त्याची, हातात मात्र तुटकी फणी. असं पुढे ३८ वस्तूंपर्यंत. दुपारपर्यंत डोकं धरून बसले होते, मग काकांनी माळ्यावरून एक जुनी वही काढून दिली. कसर लागलेली, पण शाई शाबूत. १९९१ साली ही वही नव्या नोंदवहीत उतरवून काढली, तेव्हा एक ओळ गळली आणि तिथून खाली प्रत्येक वर्णन एका घराने वर सरकलं. पुढे ३८ ओळींनंतर दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात आलं असावं, कारण तिथे एक रिकामी ओळ सोडून गाडी रुळावर आणली आहे. मागचं मात्र तसंच राहिलं.

तेहतीस वर्षं एका दौतीचं नाव फणी होतं. आजपासून पुरावा म्हणून जुनी वही धरायची, नवी नाही. दोन्हींचे पानापानाचे फोटो काढले. जुनी वही पुन्हा माळ्यावर जाणार नाही, कपाटात आम्लरहित कागदात राहील.

१४ ऑगस्ट

क्रमांक घालायला सुरुवात. आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर, तो वाळला की त्यावर शाईने आकडा, वर पुन्हा एक थर. उद्या कोणाला काढावासा वाटला तर ॲसिटोनच्या बोळ्याने निघतो, वस्तूला धक्का लागत नाही. आधीच्या लोकांनी काही वस्तूंवर तैलरंगाने क्रमांक टाकलेत, एका लाकडी गणपतीच्या तर थेट पाठीवर. ते खरवडणार नाही. तो आकडाही आता त्या वस्तूच्या मागाचा भाग आहे.

२१ ऑगस्ट, बुधवार

कट्यार, क्रमांक ८७. काचेच्या पेटीतली आमची सगळ्यात लोकप्रिय वस्तू. पाटी: 'शिवकालीन कट्यार'. शाळेच्या सहली हिच्यापुढे थांबतात.

पावत्यांच्या फायलीत हिची पावती सापडली. १९६९, आठवडी बाजारातल्या मोड-भंगाराच्या व्यापाऱ्याकडून, ३५ रुपये. पावतीवर शब्द एवढेच: 'जुनी कट्यार १'. शिवकालीन हा शब्द पावतीत नाही, जुन्या वहीत नाही. तो पहिल्यांदा दिसतो तो १९७४ च्या पाटीवर. १९७४ म्हणजे राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली ते साल. तेव्हाच्या वातावरणात कुणाच्या तरी मनाने तो घातला असावा. वाईट हेतूने नव्हे, भक्तीनेच.

वस्तू काय म्हणते? दोन आडव्या दांड्यांची मूठ, बाजूच्या लांब पट्ट्या, मध्ये शिर असलेलं पातं. या घडणीच्या कट्यारी फार मोठ्या काळात होत राहिल्या. लेख नाही, नाव नाही. व्यापाऱ्याला ती कुठे मिळाली हे त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर आज हातात धागा असता.

२४ ऑगस्ट, शनिवार, सातारा

वाघनखं पाहायला गेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ती तीन वर्षांसाठी दिली आहेत. १९ जुलैपासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आहेत. रांगेत माझ्यापुढे पंढरपूरकडचं एक कुटुंब, आजोबांच्या खांद्यावर नातू. काचेसमोर आल्यावर आजोबांनी चपला काढल्या. माझेही हात आपोआप जोडले गेले, आणि ते लपवण्यासारखं काही नाही.

पण मी गेले होते माग पाहायला. या वाघनखांसोबतच्या पेटीवरचा मजकूर लंडनच्या संग्रहालयाने नोंदवून ठेवला आहे. त्याचा आशय असा: शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीला मारलं ते हे वाघनख, ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना मराठ्यांच्या पेशव्यांच्या पंतप्रधानाने त्यांना दिलं.

एसटीत परत येताना हा मजकूर वहीच्या एका पानावर उतरवला आणि एकेक शब्द तपासला. अफजलखान मोगल नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. आपल्याकडे चौथीतलं इतिहासाचं पुस्तक वाचलेलं पोरही ही चूक धरेल. ग्रँट डफ हा रेसिडेंट, म्हणजे साताऱ्याच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी; त्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याच्याकडून ही चूक होणं कठीण. शिवाय मजकुरात त्याचं नाव तिऱ्हाइतासारखं येतं, 'साताऱ्याला रेसिडेंट असताना' असा भूतकाळ आहे. म्हणजे हे त्याने स्वतः लिहिलेलं नसावं, मागाहून दुसऱ्या कुणी ऐकलेलं लिहिलं असावं. देणाऱ्याचं नाव नाही, फक्त हुद्दा. दिल्याची तारीख नाही. प्रतापगडची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची, ग्रँट डफ साताऱ्यात आला १८१८ मध्ये. मधल्या १५९ वर्षांत वस्तू कोणाच्या घरी होती, याबद्दल पेटी गप्प आहे.

लंडनचं संग्रहालय स्वतःच स्पष्ट सांगतं की ही तीच वाघनखं आहेत याची खातरजमा करता येत नाही. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. पेटीवरचा मजकूर एवढंच सिद्ध करतो की ग्रँट डफच्या घरात ही वस्तू अशा ओळखीने सांभाळली जात होती. तेवढं सिद्ध होणंही कमी नाही. महाराजांच्या शौर्याला त्या लोखंडी पट्टीच्या दाखल्याची गरज नाही. गरज आहे ती आपल्याला, आपण काय लिहितो त्याबद्दल.

२९ ऑगस्ट

कट्यारीची पाटी बदलण्याचा प्रस्ताव आप्पांपुढे ठेवला. आप्पा समितीचे अध्यक्ष, वय ऐंशीच्या पुढे, या संग्रहालयासाठी त्यांनी पायपीट करून वर्गणी गोळा केलेली. पाटी वाचून बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, तुम्ही लोकांची श्रद्धा काढून घेताय."

मी म्हणाले, "आप्पा, पावती तुमच्याच काळात जपून ठेवलेली आहे. ती नसती तर मला काहीच म्हणता आलं नसतं. जपलीत म्हणून तर खरं लिहिता येतंय."

ते म्हणाले, पोरं विचारतील शिवाजी महाराजांची कट्यार कुठे गेली, काय सांगणार? मी म्हणाले, पावतीच पेटीत ठेवू. १९६९ साली आपल्या गावातल्या माणसांनी वर्गणीच्या पैशातून ३५ रुपये मोजून एक जुनं हत्यार भट्टीत वितळण्यापासून वाचवलं, ही गोष्ट पोरांना सांगू. आप्पांनी पावती हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून सही पाहिली. सही त्यांच्या थोरल्या भावाची निघाली. पाटीला मंजुरी दिली. नवी पाटी: 'कट्यार. पोलाद. काळ निश्चित नाही. १९६९ साली आठवडी बाजारातून खरेदी.'

६ सप्टेंबर

उद्या गणपती. २०७ वस्तू पूर्ण. पुढचा आठवडा कामाला खाडा.

१६ सप्टेंबर, सोमवार

ओसरीतला वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मारकदगड, क्रमांक ३०९. दोघांनी मिळून पडदा आणि दोर बाजूला केले. काळा बेसॉल्ट, उंची १३२ सेंमी, रुंदी ४६, जाडी १९. तीन चौकटी. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला वीर, समोर दोन हल्लेखोर, पाठीमागे गायी. गायींवरून गोधन सोडवताना पडलेला वीर हे कळतं. मोजल्या, चार. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत. वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे तो हात जोडून बसलेला. शेंड्यावर कलश, दोन बाजूंना चंद्र आणि सूर्य: ते असेतो हे नाव राहो म्हणून.

नोंदवहीत, जुन्या आणि नव्या दोन्हीत: 'वीरगळ १. देणगी. १९८४.' बस्स. कोणी दिला, कुठला, काही नाही.

मग दगडच वाचायला बसले. टॉर्च तिरपा धरला. खोबणींत, अप्सरांच्या कोपरांपाशी आणि वीराच्या पायांमध्ये, शेंदराचा जुना थर आहे, तेलाने काळपटलेला. म्हणजे हा पूजेतला दगड होता, शेताच्या बांधावर विसरलेला नव्हे. उजव्या कडेला काजळी, एकाच बाजूला. दिवा नेहमी तिथेच ठेवत असणार. खालचा वीतभर भाग मात्र ओबडधोबड, तिथे ना शेंदूर ना काजळी, उलट चुन्याचे खडे चिकटलेले. एवढा भाग जमिनीत नव्हे, बांधलेल्या ओट्यात रोवलेला होता. डावीकडे खाली पहारीने टवका उडालेला, तो ताजा वाटतो, म्हणजे बाकीच्या दगडापेक्षा ताजा.

पूजेतला दगड 'देणगी' कोण देईल?

काकांना विचारलं. काका बाकावर बसले. "गुरुजींनी आणला. ट्रॅक्टरवरून. रस्ता रुंद करत होते तेव्हा. संध्याकाळ झाली होती, आम्ही पाच जणांनी उतरवला." गाव आठवेना. गुरुजी म्हणजे तेव्हाचे सचिव, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

१९ सप्टेंबर

१९८४ ची व्हाउचरची गड्डी चाळली. सापडलं. 'ट्रॅक्टर भाडे व हमाली, वीरगळ आणणेकामी, रु. ८५', खाली गावाचं नाव आणि ट्रॅक्टरवाल्याचा अंगठा. इथे ते नाव मुद्दाम लिहीत नाही. काका म्हणतात तिथे आणखी काही वीरगळ उघड्यावर उभे आहेत, आणि अशा दगडांना गिऱ्हाईक शोधणारे लोक फिरत असतात. आतल्या नोंदीत नाव आहे.

वस्तूचा पत्ता वस्तूंच्या कागदांत नव्हता, हमालीच्या हिशेबात होता.

२२ सप्टेंबर, रविवार, मुंबई

घरगुती कामासाठी आले होते, सकाळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घालवली. दायमाबादला सापडलेल्या प्राचीन ब्राँझ प्राण्यांपुढे जवळपास तासभर उभी होते.

हत्ती पाहिला. पंचवीस सेंमी उंच, चौथऱ्यावर उभा. चौथऱ्याखाली आस आणि चाकं असायला हवीत, ती गेलेली. त्यामुळे तो थबकल्यासारखा वाटतो. याच्याबरोबर सापडलेल्या गेंड्याला आणि रेड्याला चाकं आहेत. चौथी वस्तू, दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा माणूस, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. चारही मिळून वजन ६० किलोच्या वर. हाताने ओढायचं खेळणं म्हणावं तर एवढं जड, आणि तरी चाकं आहेत. कशासाठी, हा विचार सुटत नाही.

१९७४ मध्ये नगर जिल्ह्यात प्रवरेच्या डाव्या काठी एक भिल्ल शेतकरी झाडाचं खोड उपटत होता, तेव्हा ही चार वर आली. गाव माहीत, साल माहीत, शेत माहीत. एवढा माग बहुतेक वस्तूंना मिळत नाही. तरी वाद आहेच. ती मुळांच्या खणाखणीत निघाली, मातीच्या कोणत्या थरातून ते नोंदवायला तिथे कुणी पुरातत्त्वज्ञ नव्हता. पुढे १९७५ ते १९७९ या काळात पुरातत्त्वज्ञ साळी यांनी तिथे मोठं उत्खनन केलं, थर नीट उलगडले, पण ही चार वस्तू तोवर थराबाहेर येऊन गेल्या होत्या. पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांनी त्या उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातल्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली: धातूत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, आणि तसं मिश्रण इथल्या ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत मिळत नाही. दोन्ही बाजू अभ्यासाच्या आहेत. भोवतालची हातभर माती जागेवर असती तर वाद एवढा लांबला नसता. दोष त्या शेतकऱ्याचा मुळीच नाही. त्याने त्या वितळवल्या नाहीत, हे आपलं भाग्य.

याच्या उलट पॉम्पेईची हस्तिदंती बाई. परतीच्या गाडीत तिचाच विचार. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात, पॉम्पेईतल्या एका घरात सापडली, आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पंचवीसेक सेंमीची भारतीय मूर्ती, अंगावर दागिने, दोन बाजूंना दोन लहान दासी, डोक्यातून खाली भोक. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत पॉम्पेई गाडलं गेलं ते सन ७९ मध्ये, म्हणजे ती त्याआधी इटलीत पोचली होती हे निर्विवाद. मातीने तारीख सांभाळली. पण ती कुठे घडली? आधी लोक मथुरेकडे बोट दाखवत. मग आपल्या तेरला आणि भोकरदनला तिच्याच कुळातल्या हस्तिदंती स्त्रिया मिळाल्या, आणि नजर मराठवाड्याकडे वळली. तेरची मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातली. गावच्याच माणसाने आयुष्यभर वेचून जमवलेला तो संग्रह आज तिथे शासकीय संग्रहालय आहे. तेरमधल्या त्या माणसाने 'ही तेरची' एवढं सांगता येईल अशा रीतीने वस्तू जपली नसती, तर नेपल्समधल्या बाईचं माहेर सांगायला एक साक्षीदार कमी पडला असता.

२६ सप्टेंबर

आज फक्त फोटो. प्रत्येक वस्तूचे सहा: चार बाजू, वर, खाली. शिवाय प्रत्येक ओरखडा, टवका, डाग जवळून, बाजूला स्केल कार्ड. मदतीला आलेल्या कॉलेजच्या मुलाने विचारलं, तळाचा फोटो कशाला, तो कोण बघतो?

त्याला नालंदाची गोष्ट सांगितली. ऑगस्ट १९६१ मध्ये नालंदाच्या संग्रहालयातून १४ ब्राँझ मूर्ती चोरीला गेल्या. त्यातला एक बुद्ध मार्च २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या मास्त्रिख्तमधल्या कलावस्तूंच्या बाजारात विकायला उभा होता. ५७ वर्षांनी. चोरीआधीचे फोटो होते म्हणून ओळखला गेला. अशा मूर्तीचा मेणाचा नमुना ओतकामात वितळून जातो, त्यामुळे तशा दोन मूर्ती अगदी सारख्या कधीच नसतात. १५ ऑगस्ट २०१८ ला लंडनमध्ये तो भारताच्या हवाली झाला.

तमिळनाडूतल्या श्रीपुरंदनच्या नटराजाचंही तेच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये तो ५० लाख डॉलरना घेतला, सोबत मालकीचे कागद होते. कागद खोटे निघाले. खरा ठरला पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९९४ मध्ये देवळातच काढलेला फोटो. २०१४ मध्ये नटराज परत आला.

मुलाने नंतर तळाचे फोटो दोनदा काढले.

२ ऑक्टोबर, बुधवार, सर्वपित्री अमावस्या

सुट्टी होती, काकांना घेऊन व्हाउचरवरच्या गावाला गेले. मोटरसायकलवर तासभर. रस्ता आता दुपदरी. काका वाटेत तीन ठिकाणी 'इथं नाही' म्हणाले, आणि मग वडाच्या पुढे एकदम, "थांबा."

रस्त्याच्या कडेला दगडी ओटा. वर काही नाही. मध्ये एक आयताकृती खाच, पालापाचोळा साचलेला. आणि खाचेच्या उजव्या अंगाला पणती. नुकतीच लावलेली, वात अजून जळत होती.

मी टेप काढली. खाच ४९ बाय २२ सेंमी. आमच्या दगडाची रुंदी-जाडी ४६ आणि १९. कडेला राहिलेला चुना बोटाने चाचपला. तेच पांढरट खडे. पणती ज्या बाजूला, काजळी दगडाच्या त्याच बाजूला.

समोरच्या घरातून एक आजी आल्या. आम्ही कोण ते सांगितलं. त्या खाली बसल्या, मलाही बसायला सांगितलं.

"आमचा बाबा हाय त्यो. भावकीचा. रस्तेवाल्यांनी पहार लावली व्हती, फोडनारच व्हते. तुमचं गुरुजी आडवं पडलं. म्हनलं, मी नेतो, रस्ता झाला की आनून देतो."

आणून दिला गेला नाही. का, ते कुणाला ठाऊक नाही. रस्ता पूर्ण व्हायला वर्षं लागली, गुरुजींची तब्येत ढासळली, नोंदवहीत 'देणगी' लिहिलं गेलं आणि त्या एका शब्दाने पुढचे प्रश्न बंद झाले. गुरुजींनी दगड वाचवला हे खरं. भावकीने तो कधी दिला नाही हेही खरं. एका शब्दात ही दोन्ही मावत नाहीत.

चाळीस वर्षं त्या रिकाम्या खाचेपाशी दर सर्वपित्रीला दिवा लागतो आहे.

"ह्यानं पाच गाया सोडवल्या," आजी म्हणाल्या. "पाची आल्या, ह्यो ऱ्हायला." मी वहीत 'ऐकीव' खाली लिहिलं: पाच गायी. कंसात लिहिलं: दगडावर चार.

निघताना त्यांनी विचारलं, "पाऊस लागत न्हाई न्हवं त्याला?" मी म्हणाले, नाही आजी, ओसरीत आहे, छपराखाली. मग विचारलं, "तेल कोन लावतं?"

काका खाली बघत होते. मी सांगितलं, कुणी लावत नाही. तेलाने दगडाची रंध्रं बुजतात, वगैरे मला बोलता आलं असतं. बोलले नाही.

९ ऑक्टोबर

समितीची बैठक. क्रमांक ३०९ ची 'देणगी' ही नोंद रद्द करून 'सुरक्षेसाठी तात्पुरता आणलेला, मालकी निश्चित नाही' असं करायचा ठराव मांडला. एका सभासदांनी विचारलं, असं लिहिलं तर उद्या सगळी गावं दारात उभी राहतील. आप्पा म्हणाले, "राहू देत. आपण चोरलेलं नाही, मग घाबरायचं काय?" ठराव मंजूर. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचा दगड म्हणजे पुरावस्तूच. त्यामुळे पुढे काय करायचं, गावात छप्पर घालून परत उभा करता येईल का, हे पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. पत्र टाकलं. सोबत फोटो, खाचेची मापं, व्हाउचरची प्रत.

वेगळं एक पत्र ग्रामपंचायतीला: उरलेल्या वीरगळांचे फोटो आणि मापं आम्ही फुकट करून देऊ.

२२ ऑक्टोबर

४८८ वस्तू झाल्या. यातल्या १७३ वस्तूंच्या मागात 'ज्ञात नाही' लिहिलं. सुरुवातीला हे लिहिताना हात अडखळायचा. आता उलट वाटतं. रिकामी जागा दिसली की कुणीतरी पुढे शोध घेईल. तिथे 'शिवकालीन', 'पेशवेकालीन', 'राजघराण्यातील' असं काही भरलं की शोध थांबला.

विभागाचं उत्तर नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आजी आल्या. नातवाच्या रिक्षातून, परवा दिवाळी सुरू व्हायच्या आत बाबाला बघायचं म्हणून. डब्यात तेल आणलं होतं. नातवाने वाटेत समजावलं असावं, डबा पिशवीतून काढला नाही.

काकांनी दोर सोडून बाजूला ठेवला. संग्रहालयाच्या नियमाप्रमाणे वस्तूला हात लावायचा नसतो. मी काही म्हणाले नाही, आणि तसं इथे लिहून ठेवते आहे. आजी खाली बसल्या, दगडाच्या खालच्या चौकटीवर तळवा टेकवला, आणि बोटांनी चाचपत डावीकडून सरकत गेल्या. एक, दोन, तीन, चार. मग वीराच्या ढालीच्या मागे, जिथे मला नुसता झिजलेला उंचवटा दिसला होता, तिथे बोट थांबलं.

"पाच. ही वासरी हाय, म्हनून बारकी."

त्या गेल्यावर ओसरीचे पडदे ओढले, दिवा जमिनीलगत ठेवून प्रकाश अगदी आडवा सोडला. ढालीच्या कडेमागे दोन लहान शिंगांची टोकं, खाली कानाची रेघ, मानेचा उतार. बाकी सगळं झिजलेलं. फोटो घेतला, क्रमांक ३०९-१४.

नोंद दुरुस्त केली:

'वीरगळ. बेसॉल्ट. १३२ × ४६ × १९ सेंमी. तीन चौकटी. खालच्या चौकटीत वीर, दोन हल्लेखोर व गायी ५ (पूर्वी ४ नोंदवल्या होत्या, पाचवी, लहान, ढालीमागे, तिरप्या प्रकाशात दिसते, भावकीतील आजींनी दाखवली, २६.१०.२०२४). मूळ जागा: रस्त्यालगतचा ओटा, खाच ४९ × २२ सेंमी. १९८४ साली रस्तारुंदीकरणावेळी सुरक्षेसाठी हलवला. देणगी नाही.'